पुढचा अ‍ॅक्सल घरी बदलताना

पहिल्यांदाच करतोयस ना? मग चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल कर. गाडी उचलल्यावर त्याच्याशी झटापट केलीस तर गाडीच घसरायची. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस, स्टँड हवेतच.

शाफ्ट (म्हणजे अ‍ॅक्सलच, गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, हलत नसेल तर नट थोडा उलटा चढवून लाकडाचा तुकडा धर आणि त्यावर ठोक. मी एकदा थेट हातोडा मारून आटे पार चेपवले होते. गिअरबॉक्सकडून काढताना मात्र शाफ्ट धरून ओढायचा नाही, आतला जॉइंट निखळतो. त्या जॉइंटच्या मागे पहार घालून एक झटका दे. खाली घमेलं ठेव, गिअर ऑइल सांडणारच. जेवढं गेलं तेवढं नंतर भर.

नवा शाफ्ट जुन्याशेजारी ठेवून लांबी बघ, टोकाचे दाते मोज. आत सरकवताना दाते ऑइल सीलला (गिअरबॉक्सचं तेल अडवणाऱ्या रबरी कडीला) घासू देऊ नकोस, नाहीतर आठवड्यात गळती. सर्क्लिप (शाफ्टच्या टोकाची अडकून बसणारी छोटी रिंग) असेल तर बसल्याचा 'टक्' हाताला कळतो. मग जॉइंट हलकेच ओढून खात्री कर.

नट नवाच घे. गाडी उतरवण्याआधी बऱ्यापैकी आवळ, शेवटचा टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) चाक टेकल्यावर. आकडा त्याच गाडीच्या मॅन्युअलमधला, अंदाजपंचे नको.