चालता लॅपटॉप भंगारात का काढायचा?

प्रश्न : विंडोज १० चे अपडेट बंद झाल्याची बातमी वाचली. माझा लॅपटॉप ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही. नवा घेणं भागच आहे का?

उत्तर : मुळीच नाही! १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मोफत सुरक्षा अपडेट थांबले, मशीन नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो, गाडी तिथेच अडली असणार. आधी बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग्ज, उघडून पाहा; पुष्कळदा टीपीएम असतं, नुसतं बंद ठेवलेलं असतं. प्रोसेसरच जुना असेल, तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव अपडेटसाठी नावनोंदणी आहे, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरच.

पुढे माझं मत विचाराल तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग जमतंय ना, एवढं तपासा. धडधाकट यंत्र केवळ एका अटीपायी कचऱ्यात जावं, हे मला अजिबात पटत नाही. अपडेट बंद असलेल्या मशीनवरून बँकेचे व्यवहार मात्र करू नका.