भरलेला दहाचाकी ट्रक कसारा घाटातून उतरवताना ब्रेक कसे वापरायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: आजवर नागपूर-रायपूर आणि चंद्रपूर याच रस्त्यांवर दहाचाकी चालवली, आता पहिल्यांदा भिवंडीचं भाडं मिळालंय, तर कसारा घाट उतरताना ब्रेक किती आणि कसे मारायचे? आणि सोबतचा एक ड्रायव्हर म्हणतो तसं न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तर डिझेल वाचतं का?

भाऊ, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण माणसं त्यानेच मरतात. उतारावर न्यूट्रल करायचं नाही. कुठल्याच उतारावर नाही, रिकाम्या गाडीतही नाही. डिझेल वाचतं हा समजही खोटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल देणं बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. काहीजण तर चावीच बंद करतात. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन बंद झालं की ती हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि टाकीत उरलेली हवा दर ब्रेकला कमी होत जाते. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्या चिरडल्या. आधी बोललं गेलं ब्रेक फेल. तपासात समोर आलं की गाडी इंजिन बंद करून उतारावर सोडली होती.

आता मुख्य प्रश्न. नागपूरच्या वाडीत माझ्या गाड्या असतात आणि नवीन पोरगा घाटाच्या भाड्यावर जायचा असला की मी त्याला आधी हिशोब सांगतो, ब्रेकचं नंतर. इगतपुरी ते कसारा सुमारे 300 मीटर उंची उतरायची आहे. दहाचाकीचं पासिंग, म्हणजे मालासकट परवानगी असलेलं एकूण वजन, 28.5 टन. एवढं वजन एवढं खाली येताना जी उष्णता तयार होते तिने साधारण 280 लिटर पाणी उकळेल. थोडा भाग टायर आणि हवा खातात, बाकीची उष्णता कुठेतरी जायलाच हवी. ती इंजिनात गेली तर रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. ड्रम (चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा) आणि लायनर (ब्रेक दाबला की त्याला आतून घासणारी पट्टी) यांच्यात गेली तर तिथेच साठते.

ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, म्हणून बूस्टरचा (हवेच्या जोरावर लायनर दाबणाऱ्या डब्याचा) रॉड जास्त बाहेर यावा लागतो. लायनर तापला की त्याची पकडही कमी होते. पाय तेवढाच दाबलेला, हवेचा काटा जागेवर, आणि गाडी मात्र थांबत नाही. लोक ज्याला ब्रेक फेल म्हणतात त्यात बऱ्याचदा काही तुटलेलं नसतं. गाडी पूर्ण थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागतात, म्हणून मेकॅनिकला दोष सापडत नाही आणि ड्रायव्हरवर कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून वेग फार महत्त्वाचा. 5 टक्के उतारावर भरलेली दहाचाकी ताशी 20 ने धरून ठेवायला जवळजवळ 100 हॉर्सपॉवर रोखावी लागते. ताशी 40 ने उतरलात तर 200. खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) मिळून पहिल्या 100 मधला मोठा वाटा उचलतात. त्यावरचं सगळं लायनरवर येतं. मालकाने वर सहा टन जास्त भरले असतील तर उष्णताही सुमारे 21 टक्क्यांनी जास्त, आणि ते टन घाटात मालकाला नाही, तुम्हाला धरायचे आहेत. भरतानाच नाही म्हणा.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. ज्या गिअरमध्ये ही गाडी हाच घाट चढली असती तो, किंवा त्याच्याही एक खालचा. मध्येच गिअर उतरवायला गेलात आणि तो बसला नाही, तर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये वेग घेते आणि मग कुठलाच गिअर बसत नाही. माझ्या मते घाटातली सगळ्यात वाईट घडी हीच.

एक्झॉस्ट ब्रेक वरूनच चालू ठेवा. क्लच दाबला किंवा गिअर काढला की तो काही कामाचा नाही. इंजिनाचे फेरे वर असतील तेव्हा तो जास्त धरतो, पण काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. पावसात रिकामी गाडी असेल तर जपून, कारण तो फक्त मागच्या ओढणाऱ्या चाकांनाच रोखतो आणि ओल्या वळणावर मागचा भाग सरकू शकतो.

एवढं करूनही वेग वाढेलच. समजा ठरवलेला वेग 25 आहे. काटा 25 वर आला की ब्रेक ठाम दाबा, तीनेक सेकंदांत 17-18 वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा 25 झाला की पुन्हा तेच. हलका पाय सतत ठेवून उतरायची सवय आपल्याकडे फार आहे, त्यात लायनरला थंड व्हायला क्षणही मिळत नाही. आणि पायाने फटफट पंप मारायचे नाहीत, त्याने नुसती हवा जाते.

आपल्या इकडचा रस्ता सपाट. अमरावती रोडवरचा तळेगावजवळचा सत्याग्रही घाट सोडला तर ब्रेकची खरी परीक्षा होतच नाही. एखाद्या चाकाचा ब्रेक लागत नसेल तर रायपूर रोडवर कळणारही नाही. त्यासाठी घोटीच्या अलीकडे पाच-सहा ब्रेक मारून थांबा, खाली उतरा आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ तळहात धरा, हात लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा थंड असेल तर ते काम करत नाही, त्याचा भार दुसऱ्यांवर आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय घाटात उतरू नका. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा, क्लीनरला हवेचा आवाज ऐकायला सांगा. काटा घसरत राहिला तर गळती आहे.

समृद्धीने थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत जाणार असाल तर जून 2025 पासून इगतपुरीच्या बोगद्यामुळे कसाऱ्याची वळणं टळतात, पण उतरायची उंची टळत नाही. जड गाड्यांना मर्यादा ताशी 80 आहे, पण ती मर्यादा आहे; लांब उतारावर भरलेल्या गाडीचा वेग तुम्हीच ठरवायचा. मालकाने टोल वाचवायला जुन्या रस्त्याने पाठवलं तर कसारा घाट लागेलच. तिथे एक जागा ब्रेक फेल पॉइंट म्हणूनच ओळखली जाते. आणि सातशे किलोमीटर सरळ रस्ता चालवून झोप आलेली असते, म्हणून घाटाआधी झोपा. दोन तास उशीर झाला म्हणून कोणी मेलं नाही.

जळका वास आला किंवा चाकातून धूर दिसला तर पहिली सपाट, रुंद जागा बघून थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. हॅन्डब्रेकच्या भरवशावर राहू नका, तो त्याच तापलेल्या ड्रमवर चालतो. गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि तासभर तरी थंड होऊ द्या.

आणि खरंच गाडी हातातून गेली, तर लाइट आणि हॉर्न चालू, गिअर सोडू नका, हवा आहे तोवर एकदाच पूर्ण जोराने ब्रेक दाबा, थोडी थोडी वाया घालवू नका. खडीचा चढ केलेली मार्गिका दिसली तर बिनधास्त त्यात घाला. नाहीतर दरीकडे नाही, डोंगराकडे घासत न्या. गाडी आणि माल गेला तर विमा आहे.

गाडीला किती गिअर आहेत आणि माल कोणता, तेवढं लिहा, कोणत्या गिअरमध्ये उतरवायची ते नेमकं सांगतो.