'मी शांत होतो' हे इंग्रजीत लिहिण्याआधी

ताई, तुमची पोस्ट दुपारीच वाचली, पण घाईत दोन ओळी टाकण्याचा हा विषय नाही म्हणून जेवण उरकून बसलोय. नाशिकरोडला नर्सच्या जागेसाठी अर्ज करताय, त्यात स्वभावाविषयी इंग्रजीत चार ओळी मागितल्यात, आणि 'मी शांत स्वभावाची आहे, धावपळीतही शांत राहते' यासाठी क्वायट, सायलेंट, काल्म, पीसफुल, कूल यांतलं कोणतं लिहू, असं तुम्ही विचारलंय. खाली दोघांनी "काहीही लिहा, अर्थ एकच" असं सांगितलंय. कृपा करून ते ऐकू नका. याच फरकापायी माझी एका वर्षाची पगारवाढ गेली आहे.

आधीच सांगतो, मी इंग्रजीचा शिक्षक नाही. डिप्लोमा करून अंबडच्या एमआयडीसीत ३१ वर्षं काढलेला माणूस आहे. जे ठेच लागून शिकलो तेवढंच लिहितो.

गोष्ट २००४ ची. तिसरी पाळी, पहाटेचे तीन-साडेतीन. प्रेस मशीनचा हायड्रॉलिक होज, म्हणजे दाबाखालच्या तेलाची नळी, फुटला आणि तेलाची चिळकांडी थेट छताच्या पत्र्यापर्यंत गेली. दोन हेल्पर पोरांपैकी एक नवीन होता, तो घाबरून ओरडायला लागला. मी लाल बटण दाबून मशीन बंद केलं, दोन्ही पोरांना मागे ओढलं, मेंटेनन्सला फोन लावला आणि घसरायला नको म्हणून तेलावर भुसा टाकला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चार दिवसांनी हातात कारणे दाखवा नोटीस: घटनेच्या वेळी तुम्ही काय केलं, याचा खुलासा दोन दिवसांत, इंग्रजीतच.

मी लिहिलं, 'आय वॉज सायलेंट अँड डिड माय वर्क.' माझ्या मनात होतं, मी शांत होतो आणि करायचं ते करत होतो. वाचणाऱ्याने वाचलं, हा कुणाला काही बोलला नाही आणि आपलं काम करत बसला. म्हणजे माहिती दडवली. मौन म्हणजे संमती हे आपल्याकडेही म्हणतातच, इथे तर मी ते सही करून लिहून दिलं होतं.

समजावून सांगायला गेलो. टेबलापलीकडचे गृहस्थ निफाडकडचे, माझ्याशी अस्सल मराठीत बोलत होते. म्हणाले, "लिहिलंय तुम्ही, खाली सही तुमची. आता अर्थ बदलता येणार नाही." मेंटेनन्सच्या रजिस्टरात माझ्या फोनची नोंद असेल, ती बघा म्हणालो, तर "ते आमच्याकडे येत नाही." मराठीत दुसरा खुलासा देतो म्हणालो, तोही घेतला नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मराठी माणूस, घटना नाशकात घडलेली, साक्षीदार सिन्नर-दिंडोरीचे, आणि माणसाची सचोटी ठरायची ती त्याला न येणाऱ्या भाषेतल्या एका शब्दावरून. पैसे पुढे भरून निघाले. फाईलमधला तो शेरा निवृत्तीपर्यंत तसाच राहिला, त्याचं दुःख अजून आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपला 'शांत' फार मोठं ओझं वाहतो. दिवा शांत होतो, भूक शांत होते, पोरगं शांत बसतं, नवीन घराची वास्तुशांत होते, त्र्यंबकला तर शांतीसाठीच लोक लांबून येतात. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. म्हणून शब्द शोधण्याआधी स्वतःला विचारायचं: काय थांबलंय? आवाज, हालचाल, की मनातली खळबळ?

आवाज कमी असेल तर क्वायट. माणसाला लावला की 'कमी बोलणारा'. वाईट शब्द नाही, पण नर्सच्या अर्जात वाचणाऱ्याला वाटेल, ही पेशंटशी बोलेल का? स्पेलिंगही जपा. शेवटी ई-टी असेल तर क्वायट, टी-ई झालं की क्वाइट, म्हणजे 'बऱ्यापैकी'. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आलेत, पण आज त्यांचा संबंध उरलेला नाही आणि मोबाईल ही चूक बऱ्याचदा पकडत नाही.

आवाज अजिबात नसेल, किंवा माणूस बोलायला हवं तिथे बोलत नसेल, तर सायलेंट. हॉस्पिटलबाहेर पाटी असते ती सायलेन्स झोनची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत अशा ठिकाणाभोवती किमान १०० मीटरचा पट्टा सांगितलाय आणि मर्यादा दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल. तिथे विषय फक्त आवाजाचा आहे, मनाचा नाही. पेशंटचं बीपी उतरताना बघून सायलेंट राहणारी नर्स कुणाला हवी असेल? हा शब्द तुमच्या अर्जात कुठेही येऊ देऊ नका.

हालचाल थांबली की स्टिल. हा तुम्हाला वॉर्डात रोज लागेल. एक्स-रेच्या वेळी 'कीप स्टिल' म्हणजे हलू नका. 'कीप क्वायट' म्हटलंत तर पेशंट तोंड मिटेल आणि पाय हलवत राहील. हा फरक मला नीट कळला तो नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. थंडीत पहाटे गेलो होतो. पाणी इतकं स्थिर की पलीकडच्या झाडांची पानं त्यात मोजावीत, आणि वर पाणपक्ष्यांचा असा कलकलाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पाणी स्टिल होतं. जागा क्वायट मुळीच नव्हती. तरी पीसफुल होती, कारण तिथे भांडण, धोका, घाई काही नव्हतं. पीसफुल हा जागेचा, काळाचा, मोर्चाचा शब्द. अर्जात स्वतःला लावला तर नीट बसत नाही.

आणि तुमचा शब्द काल्म. ('काम' लिहिलं तर घोटाळा होईल म्हणून असं लिहितोय, बोलताना ल म्हणायचा नाही. इंटरव्ह्यूला हे लक्षात ठेवा.) हा शब्द समुद्र आणि वाऱ्याला फार वापरतात. वारा मोजायच्या ब्यूफोर्टच्या श्रेणीत शून्य म्हणजे काल्म, धूर सरळ वर जातो ती स्थिती. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ उष्मा. भर उन्हात सगळं निपचित पडतं, त्यावरून हा अर्थ आला. मे महिन्यात दुपारी दोनला मेन रोडवर उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. महत्त्वाचं हे की माणसाला काल्म म्हणताना त्याच्यापुढे वादळ उठू शकतं हे गृहीत असतं. काल्म माणूस बोलतो, पळतो, हुकूमही सोडतो, फक्त डोकं ठिकाणावर ठेवून. त्या रात्री मी काल्म होतो. सायलेंट नव्हतो.

बाकीचे भराभर. कंपोज्ड चालेल, थोडा भारदस्त आहे. कूल बोलण्यापुरता ठीक, अर्जात नको. 'थंड डोक्याची'साठी कोल्ड तर चुकूनही नको, त्याचा अर्थ माया नसलेली. सिरीन, ट्रँक्विल, प्लॅसिड हे शब्द तळ्यांना, आभाळाला, फार तर चेहऱ्याला शोभतात. १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरलं त्या मैदानाच्या नावात ट्रँक्विलिटी आहे, यावरून कल्पना करा. आपल्याकडे स्थळांच्या बायोडेटात 'सोबर' लिहितात, पण इंग्रजी माणसाला आधी 'दारू न प्यायलेला' हाच अर्थ सुचतो. सिडेटेड म्हणजे औषध देऊन गुंगीत ठेवलेला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

माझं ठाम मत, पटलं तर घ्या: नुसतं विशेषण लिहून थांबू नका, त्याला कृती जोडा. 'आय स्टे काल्म इन अॅन इमर्जन्सी अँड इन्फॉर्म द डॉक्टर अॅट वन्स.' माझ्या खुलाशात हा दुसरा अर्धाच नव्हता. 'आय स्टेड काल्म, स्टॉप्ड द मशीन अँड कॉल्ड मेंटेनन्स' एवढं लिहिलं असतं तर इंग्रजी कच्चं असूनही कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नसती.

आणि मोबाईलवर भाषांतर केलंत तर तेच वाक्य उलट मराठीत आणून बघा. 'मी गप्प होते' असं परत आलं तर शब्द बदला. अर्जाची झेरॉक्स ठेवा, पोच म्हणून शिक्का घ्या. फॉर्म शुक्रवारी द्यायचाय म्हणालात, तर तुमच्या चार ओळी उद्या इथेच टाका. नऊनंतर मी मोकळा असतो, बघून सांगतो.