सिगारच्या पेटीतील ओलावा

प्रश्न : भावाने परदेशातून आणलेले सिगार लाकडी पेटीत ठेवले आहेत. उन्हाळ्यात ते तडकतात आणि पावसाळ्यात त्यांवर बुरशी येते. उपाय सुचवावा. (एक वाचक, सातारा)

उत्तर : पेटीतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी, परंतु साताऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे चैत्रातली कोरडी हवा आषाढात एकदम दमट होते, साधी पेटी पुरत नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणारे तयार पाकीट ठेवावे, जे गरजेप्रमाणे ओलावा सोडते किंवा शोषून घेते. आर्द्रतामापक मात्र आधी तपासावा : झाकणभर मीठ किंचित ओलसर करून त्यासह बंद डब्यात दिवसभर ठेवल्यास त्याने ७५ टक्के दाखवले पाहिजे. तापमान २५ अंशांपुढे गेल्यास तंबाखूतील किडीची अंडी फुटण्याचा धोका वाढतो. बुरशीचे सिगार, कितीही महाग असले तरी, टाकूनच द्यावेत.