जामठ्याचा किस्तीवरचा प्लॉट घेऊ की कर्ज काढून बेशात फ्लॅट?

तुमचा पगार ५५ हजार आणि शिल्लक ८ लाख. नागपूरजवळ जामठ्याकडे बिनव्याजी ३६ किस्तींवर प्लॉट घ्यायचा, की बेशात ३२ लाखांचा टू बीएचके कर्जावर घेऊन भाड्याने द्यायचा, असं तुम्ही विचारलंय. मी किस्तीच्या प्लॉटमध्ये अडकलेला माणूस आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मिहान या नागपूर विमानतळाजवळच्या मोठ्या प्रकल्पाची हवा होती तेव्हा बाबा आणि मी वर्धा रोडच्या आत साइट बघायला गेलो. शेतात तूर उभी होती, ओळींमधून चुन्याच्या रेघा मारलेल्या. सोबतच्या पोराने तूर बाजूला सारली, खाली सिमेंटचा खुंटा, त्यावर लाल रंगात ४७. बाबांनी खुंट्याला हात लावून बघितला. तीन वर्षं किस्ती भरल्या, पासबुकात शिक्के पडत गेले. शेवटची किस्त देऊन रजिस्ट्री मागितली तेव्हा कळलं की खसरा (जमिनीचा तो तुकडा) एनए, म्हणजे बिगरशेती, झालेलाच नाही, सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याचंच नाव. मुद्दल परत मिळायला पाच वर्षं गेली. बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशांवरचं तेवढं व्याज बुडालं ते बुडालंच.

त्या प्लॉटवर बँकेत जाऊन नुसतं कर्ज मागितलं असतं तरी आम्ही वाचलो असतो. बँकेचा वकील जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा सर्च काढतो, एनए, मंजूर नकाशा, आरएल (प्लॉट मोकळा केल्याचं प्राधिकरणाचं रिलीज लेटर) बघतो. विकणारा जेव्हा ‘लोनची भानगडच नको, आमच्याकडेच किस्त भरा’ म्हणतो, तेव्हा ही तपासणी टळते आणि बँकेने जो धोका घेतला नसता तो तुमच्या डोक्यावर येतो. म्हणून गरज असो नसो, अर्ज करा. बँकेने नाही म्हटलं तर कारण नीट विचारून घ्या. शिवाय रेरा या घर-प्लॉटच्या विक्रीवरच्या कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. आधी ३६ किस्ती आणि मग रजिस्ट्री, हे त्यात बसत नाही.

आता फ्लॅट. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही. म्हणजे ३.२ लाख तुमचे, वर साधारण ७ टक्के शुल्क, म्हणजे सव्वादोन लाख, आणि ३० हजार नोंदणी फी. पावणेसहा लाख पहिल्याच झटक्यात गेले. २८.८ लाखांचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २५ हजार. भाडं १२ हजार धरलं तरी दर महिन्याला १३ हजार पगारातून जाणार, आणि घर रिकामं राहिलं की पूर्ण २५.

व्याजदरही स्थिर राहत नाही. मी २०२१ मध्ये भाड्याने द्यायच्या फ्लॅटसाठी ७ टक्क्यांनी २० लाख घेतले, हप्ता साडेपंधरा हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि माझा हप्ता साडेअठरा हजारांवर पोचला. भाडेकरू तोच, भाडं तेच. त्या वर्षी मुलीची फी भरताना बायकोला सोनं गहाण ठेवावं लागलं, ते मला अजून सलतं.

तुमच्या जागी मी २४ लाखांच्या आसपासचा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळालेला रिसेल फ्लॅट शोधला असता. त्यावर जीएसटी नाही, भाडं लगेच सुरू. ४ लाख स्वतःचे, २० लाख कर्ज, हप्ता साडेसतरा हजारांच्या आत. शुल्क, नोंदणी भरूनही हातात २ लाख राहतात. त्यांना हात लावू नका, घर रिकामं असेल तेव्हा हप्ता त्यातूनच जायचा आहे. भिशी उचलून किंवा पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट तर मुळीच नको, दोन्हीकडचे हप्ते एकाच पगारातून जातात. हातात पैसा आला की कर्ज आधी फेडा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड लागत नाही.

जामठ्याच्या साइटवाल्याला टोकन अजून दिलं नसेल तर देऊ नका. मौजा (गावाचं महसुली नाव) आणि खसरा नंबर मागून घ्या, महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा उघडा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते मला कळवा.