बेसबॉल गेममध्ये चेंडू न टाकताच ‘बॉल’ का मिळतो, आणि तिसऱ्या पिकऑफला रनर फुकट पुढे का जातो?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘एमएलबी द शो’ हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम खेळताना तुम्ही पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून अजून पिच, म्हणजे टाकायचा चेंडू, निवडताय, तेवढ्यात पंच बॅटरला एक बॉल बहाल करतो (असे चार बॉल झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो). शिवाय पहिल्या बेसवरच्या रनरला धाकात ठेवायला तुम्ही तिथे तीनदा चेंडू फेकलात (यालाच पिकऑफ म्हणतात), तर तिसऱ्या वेळी तो आरामात चालत दुसऱ्या बेसवर जातो. हा बग आहे का?

बग नाही. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २०२३ च्या मोसमापासून लागू केलेले नियम गेमने उचलले आहेत. पहिला प्रकार पिच क्लॉकचा, म्हणजे चेंडू टाकायच्या वेळमर्यादेचा, दुसरा पिकऑफच्या मर्यादेचा. वरवर बघता दोघांचा संबंध दिसत नाही, पण दुसरा नियम नसता तर पहिला कागदावरच राहिला असता. का, ते आधी समजून घ्या. मग आकडे पाठ करावे लागत नाहीत.

रनर बेसवर असताना पिचरने रबरवरून (ज्या पट्टीवर पाय ठेवून तो चेंडू टाकतो ती) पाय काढला किंवा बेसवर चेंडू फेकला, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे वेळ संपत आली की पहिल्या बेसवर एक चेंडू टाकायचा आणि नवी वीस सेकंदं घ्यायची, ही पळवाट उघडीच होती. ती बुजवायला ठरलं, की एका बॅटरच्या पाळीत असं दोनदाच करता येईल. तिसऱ्यांदा केलंत तर रनर बाद झाला पाहिजे, नाहीतर बॉक, म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल, आणि रनर पुढे. प्रो कबड्डी बघत असाल तर हे ओळखीचं वाटेल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’: गुण आणा, नाहीतर चढाईपटू बाद. तिसरा पिकऑफ हुबेहूब तसाच आहे.

आता घड्याळ. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदं. रनर असेल तर २०२३ मध्ये २० सेकंदं होती, २०२४ पासून १८ केली. त्यामुळे २०२३ च्या नियमांवर बेतलेली आवृत्ती आणि नंतरची आवृत्ती यांत आकडा वेगळा दिसला तर गोंधळू नका. एक बॅटर जाऊन दुसरा येण्यासाठी ३० सेकंदं मिळतात. या वेळात चेंडू बॅटरपर्यंत पोचायला हवा असं नाही, पिचरची फेकण्याची हालचाल सुरू व्हायला हवी. इथेच नवे खेळाडू फसतात. पिच निवडली, कोपरा ठरवला, म्हणजे आपण वेळेत आहोत असं वाटतं. पण घड्याळाच्या लेखी तुम्ही अजून काहीच केलेलं नसतं. हालचाल सुरू होण्याआधी शून्य आलं, की ऑटोमॅटिक बॉल. तीन बॉल आधीच झालेले असतील तर बॅटर चालत पहिल्या बेसवर.

बॅटरलाही सूट नाही. घड्याळात ८ सेकंदं उरली असताना तो बॉक्समध्ये (बॅटरच्या उभं राहायच्या चौकटीत), पिचरकडे लक्ष देऊन उभा हवा, नाहीतर ऑटोमॅटिक स्ट्राइक (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद). एका पाळीत त्याला एकच टाइमआउट मिळतो. दोन स्ट्राइक असताना चूक झाली तर तो थेट बाद. २५ फेब्रुवारी २०२३ ला बोस्टन आणि अटलांटाच्या सराव सामन्यात नेमकं हेच झालं: धावसंख्या ६-६, शेवटची इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल दोन स्ट्राइक, आणि अटलांटाचा बॅटर वेळेत तयार नव्हता म्हणून तिसरा स्ट्राइक. सामना बरोबरीत तिथेच संपला. प्रत्यक्ष मोसमात, ३० मार्च २०२३ ला, पहिला दंड शिकागो कब्ज संघाच्या पिचर मार्कस स्ट्रोमनला झाला, तेव्हा रनर दुसऱ्या बेसवर होता. रनर असताना वेळ जास्त मिळते हे खरं, पण लक्षही दोन ठिकाणी वाटलं जातं.

पिकऑफच्या मोजणीत काय धरतात, यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बेसवर प्रत्यक्ष फेकलेला चेंडू धरतात. नुसतं रबरवरून मागे उतरलात, तेही धरतात. दुसऱ्या बेसकडे फेकण्याचं नुसतं सोंग केलंत, तरीही. (पहिल्या बेसकडे सोंग करणं हा आधीपासूनच बॉक, आणि तिसऱ्याकडचं सोंगही २०१३ पासून बॉकच आहे.) क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने टाइमआउट मागितला तर तोही यात जमा होतो. कोचची किंवा कॅचरची (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याची) माउंड व्हिजिट, म्हणजे पिचरशी बोलायला त्याच्याकडे जाणं, मात्र या खात्यात जात नाही, तिचा हिशोब वेगळा असतो.

ही मोजणी पिचरची असते, रनरची नाही. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर आहेत म्हणून प्रत्येकासाठी दोन-दोन मिळत नाहीत, एकूण दोनच. आणि ती मोजणी पुढची पिच टाकली म्हणून किंवा फाउल (मारलेला चेंडू रेषेबाहेर) गेला म्हणून शून्यावर येत नाही. नवा बॅटर आला किंवा त्याच पाळीत एखादा रनर पुढच्या बेसवर सरकला, तरच ती नव्याने सुरू होते. दोन पिकऑफ वापरल्यावर रनरने दुसरा बेस चोरला (पिच टाकली जात असताना पळून गाठला), तर तुमच्या हातात पुन्हा दोन. गंमत म्हणजे तिसऱ्या पिकऑफला बॉक मिळून रनर पुढे गेला, तरीही पुन्हा दोन.

बॉकमध्ये बेसवरचा प्रत्येक रनर एक बेस पुढे जातो, तिसऱ्या बेसवरचा असेल तर सरळ रन. बॅटरच्या बॉल-स्ट्राइकमध्ये फरक पडत नाही. तिसऱ्या प्रयत्नात रनर बाद झाला तर अर्थातच दंड नाही. तुमचा चेंडू भलतीकडे जाऊन रनर त्यावर पुढे पळाला तरी बॉक देत नाहीत, कारण त्याला बेस मिळालेलाच असतो.

नियम झाला. आता खेळायचं कसं.

पहिल्या ते दुसऱ्या बेसचं मूळ अंतर ९० फूट. बेस १५ इंचांचे १८ इंच केल्यामुळे या दोन बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी कमी झालं. वेगवान रनर चोरीला साधारण ३.४ सेकंद घेतो. पिचरच्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत अंदाजे १.३ सेकंद, आणि कॅचरच्या ग्लव्हपासून दुसऱ्या बेसपर्यंत सुमारे २ सेकंद. बेरीज ३.३. म्हणजे सगळा खेळ एक दशांश सेकंदाचा, त्यातच टॅगही लावायचा, म्हणजे चेंडू रनरच्या अंगाला लावायचा. रनरने लीड (बेस सोडून पुढे उभं राहण्याचं अंतर) दोन फुटांनी वाढवली तर तो साधारण ०.०७ सेकंद वाचवतो, म्हणजे तुमची बहुतेक शिल्लक संपली. दोन पिकऑफ वापरून बसलेल्या पिचरसमोर रनर हेच करतो. २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये २,४८६ बेस चोरले गेले, २०२३ मध्ये ३,५०३. यशाचं प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं.

त्यामुळे माझा सल्ला: पहिला पिकऑफ लवकर वापरा, दुसरा शिलकीत ठेवा. पिकऑफने रनर बाद होईल ही आशा सोडा. त्याचं काम लीड आखडायला लावणं. दुसरा पिकऑफ हातात आहे तोवर रनरला सावध राहावं लागतं. तो उधळलात की त्याला कळतं, आता हा होमकडेच (बॅटरकडेच) टाकणार. तिसरा पिकऑफ एकाच परिस्थितीत: रनर उघडउघड हावरटासारखा पुढे आलाय आणि पिचर डावखुरा आहे. डावखुऱ्याचं तोंड पहिल्या बेसकडे असतं, पाय उचलेपर्यंत तो कुठे फेकणार ते कळत नाही. उजव्या हाताच्या पिचरला अंग वळवावं लागतं, त्यात वेळ जातो.

चोरी रोखायचं खरं हत्यार पिकऑफ नाहीच, वेळ बदलत राहणं हे आहे. घड्याळ रनरलाही दिसतं. तुम्ही दरवेळी दोन सेकंदं उरली असताना टाकत असाल आणि पिकऑफ संपलेले असतील, तर तो आकड्याकडे बघून पळेल. समोर माणूस खेळत असेल तर हे दोन इनिंगमध्ये त्याच्या लक्षात येतं. एकदा ११ वर टाका, पुढचा ४ पर्यंत धरून ठेवा, मग परत ९ वर. शेवटची ३ सेकंदं मात्र मोकळी ठेवा. ऑनलाइन सामन्यात बटण आणि हालचाल यांच्यात उशीर होतो आणि तो तुमच्याच खात्यात पडतो.

स्लाइड स्टेप, म्हणजे पाय जेमतेम उचलून टाकणं, हिने एक-दोन दशांश सेकंद वाचतात. किंमत अचूकतेत आणि वेगात मोजावी लागते, म्हणून तगड्या बॅटरसमोर जपून. पिचची निवडही बघा: ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल होमपर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोचतो, ७८ मैलांचा कर्व्ह (वळणारा चेंडू) ०.०८ सेकंद जास्त घेतो, शिवाय खाली पडतो आणि कॅचरला वाकावं लागतं. रनर पळणार असं वाटलं तर उंच फास्टबॉल द्या. पिचआउटही (मुद्दाम बॅटरपासून लांब टाकलेला चेंडू) आहे, पण त्यात एक बॉल जातो. बॅटर आधीच २-० ने (दोन बॉल, शून्य स्ट्राइक) पुढे असेल तर करू नका.

वेळ संपण्याचं गेममधलं नेहमीचं कारण मात्र यातलं काहीच नसतं: मेन्यू. राखीव पिचर बघणं, फील्डिंग सरकवणं, मग पिच निवडणं, आणि तोवर १५ सेकंदं उडाली. प्रत्यक्ष मैदानात २०२२ पासून खुणांऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रावर पिच सांगतात, ते वेळ वाचवायलाच उपयोगी पडलं. तुम्हीही पिच आणि कोपरा मागच्या चेंडूवरच ठरवून ठेवा. फील्डिंगचे बदल बॅटर बदलताना करा, तेव्हा ३० सेकंदं असतात. पिकऑफच्या वेळी चुकीच्या बेसवर फेकणं हाही नेहमीचा घोळ. प्लेस्टेशनवर बटणांची रचना मैदानाच्या आकाराचीच आहे: गोल म्हणजे पहिला बेस, त्रिकोण दुसरा, चौकोन तिसरा, फुली होम. एवढं लक्षात राहिलं की बोट आपोआप बरोबर जातं.

तुम्ही रनरच्या बाजूने खेळत असाल तर हेच उलट वाचा. प्रतिस्पर्ध्याचे दोन पिकऑफ झाले की लीड एक पाऊल वाढवा, पण त्याच चेंडूवर पळू नका. आधी तो घाबरून घाईत टाकतो का ते बघा. आणि दुसऱ्या पिकऑफआधी उगाच हुलकावण्या देत राहा, प्रतिस्पर्ध्याने तो वाया घालवला की तुमचं निम्मं काम झालं.

हे सगळं नको असेल तर ऑफलाइन खेळताना सेटिंग्जमधून नवे नियम बंद करता येतात. रँक्ड ऑनलाइन सामन्यात ती सोय नसते. २०२२ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत मेजर लीगचे हे नियम सापडणारच नाहीत, ते तेव्हा लागूच नव्हते. आणि दुसऱ्या देशाची लीग खेळत असाल तर आकडे वेगळे असू शकतात. कोरियाच्या लीगने २०२५ पासून घड्याळ लावलं, त्या मोसमात तिथे बेस रिकामे असताना २० आणि रनर असताना २५ सेकंदं होती. जपानच्या व्यावसायिक लीगने २०२५ पर्यंत घड्याळ स्वीकारलेलं नव्हतं, त्यामुळे तिथल्या नियमांवरच्या गेममध्ये पहिल्या बेसवर कितीही वेळा फेका, कुणी बॉक देणार नाही.