लिबर्टेरियन लोक युद्धकाळातही सरकारला जादा अधिकार द्यायला का विरोध करतात?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, 'देशच उरला नाही तर कसलं व्यक्तिस्वातंत्र्य?' आमचे धाकटे काका दर गणपतीत जेवणाच्या पंगतीत हेच वाक्य टाकतात, म्हणून लिहायला बसलो. (लिबर्टेरियन म्हणजे व्यक्तीचं स्वातंत्र्य सगळ्यांत वर ठेवणारे आणि सरकार शक्य तितकं लहान हवं म्हणणारे.)

आम्ही सोनार. तालुक्याच्या गावी आजोबांचं दुकान, म्हणजे ओटीवर बागेसरी (सोनाराची शेगडी), ऐरण आणि काचेच्या पेटीतला तराजू. १९६२ मध्ये चीनचं आक्रमण झालं तेव्हा आजीने हातातल्या पाटल्या काढून राष्ट्रीय संरक्षण निधीला दिल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, तोफा थांबल्या. आणि जानेवारी १९६३ मध्ये, लग्नसराई तोंडावर असताना, अर्थमंत्री मोरारजी देसाईंचा सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला: १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचा नवा दागिना घडवायचा नाही.

१४ कॅरट म्हणजे शंभरात जेमतेम अठ्ठावन्न भाग सोनं. त्याच्या मंगळसूत्राच्या वाट्या कोण घालणार? गिऱ्हाईक दारात येईना. काही जण रात्री मागल्या दाराने येऊन 'करून द्या हो गुपचूप' म्हणायचे, पण आजोबा कायद्याला भिणारे. शेवटी ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागले. गुंजांत तोलणारा माणूस उसाच्या गाड्या तोलू लागला. देशभर सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, त्या मानाने आमचं बरंच चाललं म्हणायचं. काही महिन्यांनी सूट आली, गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून त्याच कसाचा नवा करता येईल अशी. तोवर आजोबांची गिऱ्हाइकं पांगली होती.

काकांचं म्हणणं, 'देश संकटात होता, त्याग करायला नको?' त्याग आजीने केला होता. स्वतःहून. दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेणं याला मी त्याग म्हणत नाही. शिवाय या हुकमाचं खरं कारण परकीय चलनाची चणचण आणि सोन्याची तस्करी. ती युद्धाआधीही होती. शांततेच्या काळात असलं विधेयक संसदेत आणलं असतं तर लाखो सोनारांच्या पोटावर पाय येतोय म्हणून चार खासदार तरी उभे राहिले असते. हा नियम आला भारत संरक्षण नियमांत, म्हणजे चीनयुद्धाच्या आणीबाणीत सरकारला थेट हुकूम काढू देणाऱ्या नियमांत, घुसवून. एक अधिसूचना निघाली की संपलं. (तस्करी काही थांबली नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर कुणाकुणाची भरभराट झाली ते सांगायला नको.)

लिबर्टेरियनांचा मुद्दा नेमका हाच. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हिग्ज यांनी तो नीट मांडला: संकटात सरकार फुगतं, संकट सरल्यावर थोडं ओसरतं, पण पूर्वीच्या मापावर परत येत नाही. आमच्या सोन्याचंच बघा. १९६६ मध्ये १४ कॅरटची अट गेली. परवाने, नोंदवह्या, तपासण्या राहिल्या. जानेवारी १९६८ मध्ये चीनयुद्धाची आणीबाणी उठली, म्हणजे ते नियमही मावळायला हवे होते. तर त्याच वर्षी संसदेत कायदाच करून टाकला, आणि अर्थमंत्री पुन्हा मोरारजीच. तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये, मधू दंडवते अर्थमंत्री असताना. लढाई महिनाभराची, नियंत्रण सत्तावीस वर्षांचं.

सोनं नको असेल तर कांदा घ्या. आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा, पण त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी केलेल्या भारत संरक्षण नियमांत आहे. हिटलर गेला, इंग्रज गेले, साठ्यावरच्या मर्यादा राहिल्या. लासलगावच्या शेतकऱ्याला विचारा. किंवा १९७१ घ्या. लढाई १३ दिवसांत संपली. तेव्हा पुकारलेली आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत चालू होती, म्हणजे १९७५ ची तिच्यावर चढवलेली दुसरी. त्या दुसरीत खुद्द मोरारजी दीड वर्षाहून जास्त स्थानबद्ध होते. काकांना हे सांगितलं की ते भात वाढायला उठतात.

तर तुम्हीही तुमच्या घरच्या काकांशी युद्ध बरोबर की चूक यावर भांडू नका, तिथे हराल. एवढंच विचारा, की हा अधिकार कोणत्या तारखेला परत येणार आणि ती तारीख कागदावर आहे का. आमच्या काकांनी याचं उत्तर आजवर दिलेलं नाही. सरकारी नोकरीत पेन्शन घेतलेल्या माणसाकडून अपेक्षाही नाही.

आता हे आधी लिहायला हवं होतं: मी सैन्याच्या विरोधात नाही. १९६२ मध्ये आक्रमण चीननेच केलं, आणि लढायला माणसं-पैसा लागतोच. बहुतेक लिबर्टेरियन स्वसंरक्षणाचं युद्ध मान्य करतात. त्यांचा राग दुसऱ्यांच्या देशात जाऊन लढण्यावर आणि सक्तीच्या सैन्यभरतीवर. तेही सगळे एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन सक्तीच्या भरतीचे कट्टर विरोधक, पण दुसऱ्या महायुद्धात पगारातूनच कर कापून घ्यायची अमेरिकी पद्धत बसवायला त्यांनीच मदत केली होती. युद्ध संपलं, कापणी चालूच आहे. पुढे इराकवरच्या हल्ल्याला त्यांचा विरोध होता आणि त्यांच्या बायकोचा, रोझ फ्रीडमन यांचा, पाठिंबा. त्याही अर्थशास्त्रज्ञ आणि लिबर्टेरियनच. तेव्हा 'लिबर्टेरियन लोक' असं सरसकट विचारलंत तर उत्तर घराघरात वेगळं मिळेल.